इथंच जाऊन येतो

बाळा, गाडीची पूजा झाली. हँडलला झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. आजीनं तुझ्या तळहातावर साखर ठेवली आणि तू तिच्या पाया पडलास. मी ओसरीवर उभा होतो. माझी नजर आरशाला अडकवलेल्या हेल्मेटवर होती. त्याला कुणी कुंकू लावलं नाही. संध्याकाळी मीच लावलं.

आता कान इकडं कर. गुरू कानात जो मंत्र सांगतो तो दुसऱ्याला सांगायचा नसतो. माझा मंत्र मात्र तू कॉलेजातल्या सगळ्या पोरांना सांग. गाडीवर बसताना ‘इथंच’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ‘इथंच जाऊन येतो’ असं मनात जरी आलं, तरी किक मारायची नाही. आधी हेल्मेट, मग चावी.

एकतीस वर्षं मी एसटीचं स्टिअरिंग धरलं. नांदेड, अर्धापूर, आपलं डोंगरकडा, वारंगाफाटा, आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली. हा रस्ता अरुंद होता तेव्हापासून मला पाठ आहे. एसटीची सीट उंच असते. तिथून खालची मोटारसायकल पुरती दिसते. किती जण बसलेत, मांडीवर काय धरलंय, हेल्मेट डोक्यावर आहे की कोपरात अडकवलंय, सगळं दिसतं. तुळजापूरला नाहीतर माहूरला निघालेला माणूस तयारीनं निघतो. टायरची हवा बघतो, ब्रेक दाबून बघतो, हेल्मेट घालतो, देवाला नमस्कार करतो. तोच माणूस घरून फाट्यावर, फाट्यावरून शेतात, शेतातून दूध घालायला जाताना पायात चप्पल अडकवून तसाच निघतो. तुळजापूरला तो वर्षातून एकदा जातो. फाट्यावर दिवसातून चार वेळा. उसाची ट्रॉली, वाळूचा टिप्पर, रस्त्यातला रोही हे सगळे या चार खेपांतही तेवढेच आडवे येतात. त्यांना काय ठाऊक, तू कुठवर निघालास ते!

तुझ्या आजीचं तुला माहीत आहे, पण नीट कुणी सांगितलं नसेल. घरात तो विषय मीच निघू देत नाही. आज सांगतो.

तुझा बाप तेव्हा शाळेत होता. संक्रांत झाली होती, बायकांचं हळदीकुंकू चालू होतं. आजीला पलीकडच्या वाडीवर मैत्रिणीकडं जायचं होतं. मी ड्यूटीवरून आलो होतो. म्हटलं, चल, सोडतो. हेल्मेट खुंटीला होतं, तेही एकच, माझं. तिनं विचारलंसुद्धा, “घालायलात का ते?” मी म्हणालो, “इथंच तर जायचंय.” ती एका बाजूला पाय सोडून बसली, मांडीवर वाणाची पिशवी, एक हात माझ्या खांद्यावर. वाटेत एक गतिरोधक नव्यानं घातलेला होता. त्यावर पांढरे पट्टे नव्हते, अलीकडं पाटी नव्हती. माझी गाडी फार तर तीसच्या वेगात असेल. पुढचं चाक उडालं, मागचं उडालं, आणि खांद्यावरचा हात गेला.

मागं वळून बघितलं तर ती उताणी पडलेली. मी पळत पोचेपर्यंत उठून बसली होती. रक्ताचा थेंब नाही. पदराची धूळ झटकली, सांडलेले तिळगूळ वेचायला लागली. “काही झालं नाही,” म्हणाली, “तुम्ही घाबरू नका.” आम्ही हळदीकुंकवाला गेलोसुद्धा. रात्री तिला उलटी झाली. मग दुसरी. मग ती मला ओळखेना. त्या रात्री जीप करून नांदेड गाठलं ते मी अजून विसरलो नाही. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, आत थोडा रक्तस्राव होता. पाच दिवस ठेवलं. ऑपरेशन लागलं नाही. आम्ही देवाला नारळ फोडला, घरी आलो. सगळं मिटलं असं वाटलं.

महिनाभरानं गावात हळद शिजायला लागली. तुला माहीत आहे ते दिवस कसे असतात. कढया पेटतात, वाफ निघते, आणि गावाला दुसरा वासच राहत नाही. कपड्यांना हळद, भाकरीला हळद, झोपेतही हळद. एका संध्याकाळी आम्ही सगळे अंगणात बसलेलो, शेजारच्या रानात कढई चढलेली, आणि आजी म्हणाली, “यंदा अजून कुणी हळद शिजवायला घेतली नाही व्हय?”

कुणी काही बोललं नाही.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. नाकाच्या वर, मेंदूच्या खाली, पातळ हाड असतं. चाळणीसारखं, बारीक भोकांचं. त्या भोकांतून केसाहून बारीक धागे नाकातून मेंदूकडं जातात. वास कळतो तो त्या धाग्यांनी. डोक्याचा मागचा भाग जोरात आपटला की कवटी जागच्या जागी थांबते, पण आतला मेंदू थांबत नाही. पाण्याची घागर डोक्यावर घेऊन चालणारी बाई एकदम थांबली की पाणी कसं हिंदकळतं, तसा तो हिंदकळतो. त्या एका हिसक्यात ते धागे तुटतात. बाहेर कातडीसुद्धा फाटत नाही. काहींचे पुन्हा जुळतात. तिचे नाही जुळले. दूध उतू गेलं, भाकरी करपली, तिला डोळ्यांनी दिसलं तरच कळतं. गॅस सुटला तर तेही नाही. म्हणून ती दहा वेळा विचारते, “काही जळायलंय का रे?” तुम्ही पोरं कधी कधी वैतागता. वैतागू नका. ते माझं करणं आहे.

त्या दिवशी डॉक्टरांकडून मला हेल्मेट कळलं. तोवर मला वाटायचं, हेल्मेट म्हणजे डोक्यावरचं पत्र्याचं भांडं, कवटी फुटू नये म्हणून. कवटी पुष्कळ टणक असते. जपायचं असतं ते आतलं. हेल्मेटच्या वरच्या कडक कवचापेक्षा त्याच्या आतला थर्माकोल जास्त कामाचा. दीड बोट जाडीचा तो थर डोकं आपटताना दबतो, चिरडतो, आणि डोक्याला थांबायला एका क्षणाचा जास्त वेळ देतो. एसटीचा ब्रेक मी एकदम दाबला तर पाठीमागचे प्रवासी एकमेकांवर पडायचे, हळूहळू दाबला तर झोपलेलं पोरसुद्धा जागं व्हायचं नाही. थांबणं तेच, फरक वेळेचा. थर्माकोल मेंदूसाठी तो हळू दाबलेला ब्रेक आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात ठेव. तो एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. पडलेलं हेल्मेट बाहेरून नवं दिसेल, आत त्याचं काम संपलेलं असतं. अपघातात आपटलेलं हेल्मेट कितीही महागाचं असो, पट्टा कापून टाकून द्यायचं. पट्टा कापायचा म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही. आणि थर्माकोलला पेट्रोल चालत नाही. खोटं वाटत असेल तर टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल घे, त्यावर पेट्रोलचे चार थेंब टाक, कसा विरघळतो ते बघ. त्यामुळं हेल्मेट पेट्रोलच्या टाकीवर उलटं ठेवायचं नाही, पेट्रोल किंवा थिनरच्या फडक्यानं पुसायचं नाही, वैशाखाच्या उन्हात पत्र्यावर तापत ठेवायचं नाही. साधं पाणी आणि साबण पुरे. आपटलं नाही तरी बनवणारेच तीन ते पाच वर्षांत बदला म्हणतात. घाम, ऊन, तेल यांनी ते आतून थकतं.

वेग म्हणजे काय हे पोरांना आकड्यात कळत नाही, विहिरीत कळतं. आपल्या मळ्यातली विहीर तू बघितली आहेस. चाळीसच्या वेगानं जाऊन समोर उभ्या ट्रॉलीवर आदळणं म्हणजे वीस फूट खोल कोरड्या विहिरीत पडणं. साठच्या वेगानं म्हणजे सेहेचाळीस फूट. शाळेतल्या सरांकडून हिशेब करून घे, एवढंच येईल. कोरड्या विहिरीच्या काठावर तू कधी बिनधास्त नाचला नाहीस. साठच्या वेगात मात्र पोरं मोबाईलवर बोलत जातात. आणि हेही सांगतो, कुठलंही हेल्मेट सेहेचाळीस फुटांची हमी देत नाही. हेल्मेट घातलं म्हणून गाडी ऐंशीला न्यायची असेल तर ते घालू नकोस, गाडीच चालवू नकोस. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट घातलेल्या चांगल्या हेल्मेटमुळं मेंदूला इजा होण्याचा धोका 74 टक्क्यांपर्यंत कमी होतो. उरलेल्याची काळजी ब्रेकनं आणि तुझ्या अकलेनं घ्यायची.

हेल्मेट घेताना रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेलं, पोलिसापुरतं घ्यायचं नाही. आयएसआयचा छाप बघ. छापाच्या वर आयएस 4151 असा आकडा असतो आणि खाली परवान्याचा नंबर. बीआयएस केअर नावाच्या मोबाईल ॲपवर तो नंबर टाकला की परवाना खरा की खोटा, कुणाच्या नावावर, ते कळतं. 1 जून 2021 पासून आयएसआयशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं हा गुन्हा आहे. तरी मिळतात, आणि लोक घेतातही. बांधकामावरचं पिवळं टोपडं हे मोटारसायकलचं हेल्मेट नव्हे. ते वरून वीट पडली तर तेवढ्यापुरतं आहे. अर्धं, कानाच्या वर संपणारंही नको. माणूस पडतो तेव्हा हनुवटी आणि जबडा आधी रस्त्याला लागतो असं पुष्कळदा होतं, म्हणून हनुवटी झाकणारं पूर्ण हेल्मेट घे. आणि नवी गाडी देताना तिच्याबरोबर आयएसआय हेल्मेट द्यायचं, असा केंद्राच्या मोटार वाहन नियमातच उल्लेख आहे. पुढं तुझ्या मित्राची गाडी घ्यायला गेलास की हक्कानं मागून घे.

रंग पांढरा किंवा पिवळा घे, काळा नको. फिका रंग रात्री दिसतो आणि उन्हात कमी तापतो.

आता माप. शिंप्याकडची टेप घेऊन भुवईच्या बोटभर वरून, कानावरून, मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून गोल फिरव. 57-58 सेंटिमीटर भरलं तर बहुतेक कंपन्यांचं मधलं माप बसतं. घातल्यावर दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडं फिरवायचं. हेल्मेटबरोबर गालाची कातडी ओढली गेली पाहिजे. हेल्मेट फिरलं आणि तोंड तसंच राहिलं तर ते सैल आहे. नवं हेल्मेट थोडं आवळतंच, महिनाभरात आतला स्पंज बसतो. मग पट्टा लावायचा, हनुवटीखाली दोनच बोटं शिरतील एवढा. आणि शेवटची परीक्षा: मान खाली घाल, मागून कुणाला तरी हेल्मेटची कड वर ढकलायला सांग. डोक्यावरून निघालं तर दुकानदाराला परत दे.

पट्टा. याच्यावर मी थांबतो, कारण माझा सगळा राग इथं आहे. मी एसटीतून बघितलेल्या दहा हेल्मेटवाल्यांतल्या कितीतरी जणांचा पट्टा वाऱ्यावर फडफडत असायचा. पट्टा न लावलेलं हेल्मेट धक्का बसताच डोक्याआधी उडून जातं. रस्त्यावर मी अशी हेल्मेटं बघितलीत, एकही ओरखडा नसलेली, माणसापासून वीस पावलांवर पडलेली. कायद्यानंसुद्धा हेल्मेट ‘घाला’ एवढंच म्हटलेलं नाही. पट्ट्यानं डोक्याला घट्ट बांधलेलं पाहिजे, असं मोटार वाहन कायद्याच्या 129व्या कलमात लिहिलंय. बक्कल ‘टक्’ वाजलं की मगच चावी फिरवायची. ही सवय तुझ्या बोटांना लागली पाहिजे, डोक्याला विचारावं लागता कामा नये.

तुम्ही म्हणता गरम होतं. होतं, बाळा. एप्रिलमध्ये आपल्याकडं पारा चाळीसच्या वर असतो, मी काही थंड हवेच्या ठिकाणी नोकरी केलेली नाही. पातळ सुती टोपी ओली करून पिळून आत घाल, वर हेल्मेट. चालत्या गाडीत वारा लागतो आणि डोकं गार राहतं. ती टोपी रोज धुता येते, त्यामुळं हेल्मेटही घाणत नाही. जाड रुमाल गुंडाळून वर हेल्मेट घालायचं नाही, माप बिघडतं. सांगायचं तर आपल्या भागातले बाप्ये मे महिन्यात उन्हाला भिऊन डोक्याला, कानाला, तोंडाला रुमाल बांधून फिरतातच. त्यांना गरम होतं म्हणून ते रुमाल सोडत नाहीत. ऐकू येत नाही म्हणतात तेही खरं नाही. हॉर्न ऐकू येतो, वाऱ्याचा घोंघाट तेवढा कमी होतो.

काच स्वच्छ ठेव. ऊस चालू असताना पाचटाचे कण, टिप्परची उडणारी वाळू, पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्यावर झेपावणारे किडे. एक किडा डोळ्यात गेला की माणूस दोन्ही डोळे मिटतो, आणि साठच्या वेगात एक सेकंद डोळे मिटले तर गाडी दीड एसटीएवढी पुढं जाते. काळी काच रात्री कधीच नाही. ओरखडे पडलेली काच बदलायची. समोरच्या गाडीचा उजेड त्या ओरखड्यांत फुटतो आणि काहीच दिसत नाही.

आपल्याकडं रात्रीचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे रस्त्यात उभी असलेली उसाची ट्रॉली. टायर फुटलेलं, मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही, दगड लावून माणूस पंक्चरवाल्याला बघायला गेलेला. ऊस बाहेर आलेला असतो, नेमका छातीच्या आणि तोंडाच्या उंचीवर. खालच्या दिव्यावर जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा. समोरून डोळ्यावर दिवा आला तर ॲक्सिलरेटर सोडून द्यायचा, डाव्या कडेकडं बघायचं. आपल्या घरच्या ट्रॉलीला मी स्वतः चकाकणारी लाल पट्टी चिकटवली आहे. तू शेजारच्यांच्या ट्रॉलीला चिकटव, काही फार पैसे लागत नाहीत. आणि एक रोही दिसला की दुसरा मागून येतोच, हे तर तुला ठाऊक आहे. पहिला गेला म्हणून गाडी रेमटवायची नाही.

आता अंगावरचं. डांबरी रस्ता म्हणजे कानस. घसरलं की पातळ टेरिकॉट शर्ट डोळ्याचं पातं लवायच्या आत जातो, मग कातडी जाते. त्या जखमेत खडी रुतते, ती घासून काढताना माणूस ज्या आवाजात ओरडतो तो मी ऐकलाय. कोपराला, खांद्याला, गुडघ्याला पॅड असलेलं जाकीट आणि पँट दुकानात मिळते, महाग असते. ती पुढं तुझ्या कमाईतून घे. आज जाड जीनची पँट, जाड कापडाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, घोटा झाकणारा बूट आणि हातमोजे. यातले पहिले हातमोजे घे. पडणारा माणूस आधी हात पुढं टेकतो. तुझं शिक्षण हातानं करायच्या कामाचं आहे. तळहाताची कातडी गेली तर दोन महिने भाकरीचा घास दुसऱ्यानं भरवावा लागतो. चपलेवर गाडी चालवायचीच नाही. गिअर टाकताना अंगठा अडकतो, ब्रेकवरून चप्पल निसटते, आणि पडल्यावर घोट्याचं हाड पहिलं जातं. पावसाळ्यात काळा रेनकोट नको, पिवळा किंवा भगवा घे.

मागं बसणाऱ्याबद्दल मी काय बोलू! तुझ्या आजीच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं याचं कारण एवढंच, की ते तिच्याही डोक्यावर असावं हे मला सुचलंच नाही. घरात हेल्मेट एक, कारण गाडीवाला एक. 2022 या एका वर्षात भारतात हेल्मेट न घातलेली 50,029 माणसं अपघातांत गेली, त्यांतली 14,337 मागं बसलेली होती. केंद्र सरकारच्याच अहवालातले आकडे आहेत. 3 जून 2014 ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले, तेही मोटारीच्या मागच्या सीटवर बसलेले होते. मागं बसलेल्याला काही होत नाही हा समज मराठवाड्यानं त्या दिवशी तरी सोडायला हवा होता. चालवणाऱ्याला निदान खड्डा दिसतो, तो हँडल आवळून धरतो. मागच्याला काही दिसत नाही, त्यानं बहुतेकदा काही धरलेलंही नसतं.

म्हणून आपल्या घरात आता चार हेल्मेटं आहेत. आई मागं बसली तर तिचं वेगळं, तिच्या मापाचं. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, वेणी खाली सोडायला सांग. पदर आणि ओढणीचं टोक कमरेला खोचलेलं बघूनच गाडी सोड. मागच्या चाकावरची साडीची जाळी गाडी भारी दिसावी म्हणून काढून टाकतात. तू काढू नकोस. ती जाळी, धरायची कडी आणि पाय ठेवायची पट्टी नियमानंच गाडीला असावी लागते. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणं जास्त सुरक्षित आहे हे आईला सांग. साडीवर ते जमत नाही म्हणाली तर वेग तूच कमी कर, गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबव, आणि तोंडानं सांग, “धर, आला.” एवढा एक शब्द त्या दिवशी मी बोललो असतो तर.

ताईचं लेकरू सुट्टीला येतं, त्याला टाकीवर बसवून फिरवायचा तुला सोस आहे. नऊ महिन्यांच्या पुढं चार वर्षांपर्यंतच्या लेकराला गाडीवर नेताना चालवणाऱ्याच्या अंगाला बांधणारा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट लागतं, वेग चाळीसच्या आत. 15 फेब्रुवारी 2023 पासून हा नियम आहे. चार वर्षांवरच्याला तर मोठ्यांसारखंच हेल्मेट. त्याच्या मापाचं आणेपर्यंत त्याला पायी फिरव. तेवढंच तुझंही चालणं होईल.

हेल्मेट नसेल तर कायद्यात हजार रुपये दंड आहे आणि तीन महिने लायसन निलंबित होऊ शकतं, हे तुला माहीत असावं म्हणून सांगितलं. 2019 च्या सुरुवातीला पुण्यात हेल्मेटच्या सक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, कुणी डोक्यावर पगडी घालून. सक्ती हा शब्द माणसाला बोचतो, मला समजतं. पण त्या बातम्या टीव्हीवर चालू असताना तुझी आजी माझ्या शेजारी बसून भाजी निवडत होती, आणि आत आमटी करपत होती. नांदेडला तुला पगडीवाली शीख माणसं विनाहेल्मेट दिसतील, त्यांना कायद्यानंच मुभा आहे, त्यांच्या श्रद्धेचा मान राखून. आपल्या टोपीला आणि रुमालाला ती नाही.

‘इथंच’ची एक गोष्ट परदेशातली आहे. लॉरेन्स ऑफ अरेबिया हा सिनेमा सुरू होतो तो मोटारसायकलच्या अपघातानं. त्यातला लॉरेन्स खरा होता. पहिलं महायुद्ध बघितलेला, वाळवंटं तुडवलेला, ताकदवान गाड्यांचा शौकीन. 13 मे 1935 ला तो घराजवळच्या छावणीत टपालाचं काम करून, तार पाठवून परत निघाला होता. घर अगदी जवळ. समोर सायकलवरची दोन पोरं आली, त्यांना वाचवायला गेला आणि उडाला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी गेला, 46 वर्षांचा. त्याला बघणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. त्यांना ते मरण सोडवेना. त्यांनी लष्करातल्या मोटारसायकलवाल्यांच्या डोक्याच्या जखमा वर्षानुवर्षं अभ्यासल्या, 1941 मध्ये हेल्मेटच्या बाजूनं पुराव्यासकट लेख लिहिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. युद्धातून वाचलेला माणूस तार करून येताना गेला, हे मला विसरता येत नाही.

रस्त्यात दुसरं कुणी पडलेलं दिसलं तर गाडी थांबव. आधी मागून येणाऱ्या गाड्यांना हात कर, मग 108 ला फोन. पडलेल्याला पाणी पाजायचं नाही. ओढून बसवायचं नाही. त्याचं हेल्मेट घाईनं खेचायचं नाही, मान मोडलेली असली तर त्या हिसक्यानं माणूस कायमचा लुळा होतो. श्वास चालू असेल तर फक्त काच वर कर. श्वास अडला असेल आणि काढावंच लागलं तर दोघं लागतात. एकानं खालून मान आणि जबडा घट्ट धरायचा, दुसऱ्यानं पट्टा सोडून कडा फाकवून सावकाश काढायचं. पोलिसांच्या चौकशीला भिऊ नकोस. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून 2019 च्या दुरुस्तीनं कायद्यात वेगळं कलम आलं आहे. आणि डोक्यावर पडलेला माणूस उठून चालायला लागला, हसला, “काही झालं नाही” म्हणाला, तरी त्याला एकटा सोडायचा नाही. उलटी, गुंगी, अडखळती जीभ, एक बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही दिसलं की रात्र असो, पाऊस असो, दवाखाना. आम्ही हळदीकुंकवाला गेलो होतो हे ध्यानात ठेव.

उद्या सकाळी तू नांदेडला निघशील. चावी मी हेल्मेटच्या आत ठेवली आहे, तिची जागा आता तीच. दुकानातून काही आणायला मी तुला फाट्यावर पाठवीन तेव्हाही तिथूनच घ्यायची, आणि मी स्वतः ‘इथंच तर आहे’ म्हणालो तरी माझं ऐकायचं नाही.

दर रविवारी हेल्मेटच्या आतलं अस्तर काढून आजीला दे. बटणं असतात, सुटतं. ती रिठ्याच्या पाण्यात भिजवून धुते, अंगणातल्या दोरीवर सावलीत वाळवते. वाळल्यावर ती ते तुझ्यापुढं धरेल आणि विचारेल, “बघ रे, घामाचा वास गेला का?” घाईत असलास तरी नाकाजवळ धर, नीट हुंग आणि खरं काय ते तिला सांग.